अडतीस नंबर

सही झाल्याशिवाय निकाल खोलीबाहेर जाऊ द्यायचा नाही, हा नियम त्या प्रयोगशाळेत सगळ्यांत कडकपणे कुणी पाळला असेल तर चिमीने. नव्याने लागलेल्या मुलींना ती पहिल्याच दिवशी समोर बसवून हे सांगायची, आणि सांगताना चेहरा असा करायची की एखादी दुसऱ्या दिवशी आलीच नसती तर कुणाला नवल वाटलं नसतं. अठरा वर्षांत तिने तो नियम एकदाही मोडला नव्हता. त्या शुक्रवारी सकाळी दहा वाजून चाळीस मिनिटांनी मोडला, तोही जिन्यात उभं राहून, मोबाइलवर, सख्ख्या भावासाठी.

"दादा, काही दिसलं नाही," ती म्हणाली. "एकही नाही."

दादाने विचारलं, "म्हणजे सोमवारी जायला नको?"

इथे तिने जीभ आवरायला हवी होती. प्रयोगशाळेच्या डॉक्टर मॅडम चार वाजता येतील, तपासतील, सही करतील, मग तुझे डॉक्टर बघतील आणि मग ठरेल, हे सगळं तिला पाठ होतं. पण सात महिन्यांत पहिल्यांदा दादाच्या आवाजात जीव आला होता आणि तो तिच्यामुळे आला होता. ती म्हणून गेली, नकोच बहुतेक. त्या 'बहुतेक'ला दादाने मुळीच भीक घातली नाही. तो वहिनीला हाका मारत सुटला आणि फोन तसाच चालू राहिला.

चिमी हे घरचं नाव. चार भावंडांत शेंडेफळ म्हणून पडलं, आणि चव्वेचाळीस वर्षं झाली, चष्मा लागला, मुलगी कॉलेजात गेली तरी सुटलं नाही. प्रयोगशाळेत तिला सगळे बाई म्हणत. दादा तिच्याहून नऊ वर्षांनी मोठा, लिफ्ट दुरुस्त करणारा. कुणी दोन मजल्यांच्या मध्ये अडकलं की दादाला फोन जायचा, आणि तो दाराच्या फटीतून आतल्या माणसाशी गप्पा मारत मारत त्याला बाहेर काढायचा. गेल्या वर्षी त्याची पाठ दुखायला लागली. मोटरी उचलून दुखत असेल म्हणून तीन महिने त्याने तेल चोळून घेतलं, आणि एक दिवस नुसता शिंकला तर मणक्याला चीर गेली. हाडांच्या मगजात रोगट पेशी माजल्या होत्या.

डॉक्टरांचा बेत असा होता की आधी सात महिने औषधं आणि मग बंद खोली. त्या खोलीत जबर औषध देऊन मगज पार रिकामा करायचा आणि आधी काढून ठेवलेल्या त्याच्याच चांगल्या पेशी परत आत सोडायच्या. चार आठवडे दोन दारांच्या आड, भेटायला येणारा काचेपलीकडे. जन्मभर लोकांना पेटीतून बाहेर काढलं आणि आता मलाच पेटीत घालतायत, असं दादा म्हणायचा आणि हसायचा, पण खोलीचा विषय निघाला की त्याचं जेवण तिथेच थांबायचं. डॉक्टर म्हणाले होते, या वेळचा मगजाचा नमुना अगदी साफ आला तर खोलीची घाई करायला नको, थांबून बघता येईल. तोवर सोमवारची खोली दादाच्या नावावर राखून ठेवली होती. हॉस्पिटलात अशा खोल्या दोनच, आणि वाट बघणाऱ्यांची यादी लांबलचक.

चिमी फोन ठेवून आत आली, हात धुतले, आणि कामाला लागली. म्हणजे लागायचा प्रयत्न केला. पुढचा नमुना हातात घेतला, त्यावरचा नंबर वाचला, आणि क्षणभराने तोच नंबर पुन्हा वाचला. आनंद झाला की माणसाचं चित्त थाऱ्यावर नसतं, असं तिने स्वतःला समजावलं. मग तिला तहान लागली. पाणी पिऊन आली, तर मास्तर तिच्याकडे चष्म्यावरून बघत होते.

मास्तर म्हणजे शेजारच्या टेबलावरचे तंत्रज्ञ. पूर्वी शाळेत शिकवायचे, मुलांना कंटाळून पेशींकडे वळले, असं स्वतःच सांगायचे. पेशी निदान उलट उत्तरं देत नाहीत म्हणे. त्यांनी विचारलं, बाई, आज पायाला चाकं लागलीत का. चिमी म्हणाली, काही नाही, भावाचा नमुना साफ आला. मास्तरांनी मनापासून आनंद व्यक्त केला, आणि निकाल बाहेर गेला का, हे विचारलं नाही. चिमीच्या बाबतीत तो प्रश्न कुणी विचारतच नसे.

आता चिमीचं काम काय, ते सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळायचं नाही. आपल्या रक्तात आणि मगजात राखणदारी करणाऱ्या पांढऱ्या पेशी असतात. नुसत्या बघितल्या तर त्यातल्या कितीतरी एकसारख्या दिसतात, गोल आणि मध्ये जांभळा ठिपका. पण प्रत्येकीच्या अंगावर प्रथिनं असतात, आणि कुठली आहेत त्यावरून ती काय काम करते ते कळतं. या प्रथिनांना नंबर दिलेले आहेत. तीन आणि चार दिसले की ती मदतनीस पेशी. ती स्वतः हात मळवत नाही, बाकीच्यांना कामाला लावते. अशी एक आमच्या घरी आहे, असं मास्तर म्हणायचे, अर्थात बायको ऐकत नसताना. तीन आणि आठ दिसले तर ती मारेकरी, बिघडलेल्या पेशीला गाठून तिचा निकाल लावणारी. छप्पन्नवालीही मारेकरीच, पण ती कुणाच्या हुकमाची वाट बघत नाही. एकोणीस दिसला तर ती बी पेशी. हीच बी पेशी पुरती वाढली की अँटिबॉडी तयार करणारा कारखाना बनते. मग तिच्या अंगावर अडतीस नंबर दाट होतो आणि एकशे अडतीस नव्याने येतो.

दादाचा आजार या कारखान्यांचा होता. एक बिघडलेला कारखाना आपल्यासारखेच दुसरे काढत सुटला होता. बिघडलेल्यांची ओळख अशी की त्यांचा एकोणीस गळालेला असतो, आणि ज्याच्याशी त्यांचा काडीचा संबंध नाही तो छप्पन्न त्यांनी अंगावर चढवलेला असतो.

हे नंबर ओळखायला चिमी नमुन्यात रंग लावलेल्या अँटिबॉडी घालते. अडतीसची असेल ती अडतीसवरच जाऊन बसते, दुसरीकडे बसत नाही. मग यंत्रातून एकेक पेशी लेझरच्या उजेडासमोरून जाते, रंग चमकतो, आणि पडद्यावर ठिपका पडतो. दहा लाख पेशी, दहा लाख ठिपके. हव्या त्या ठिपक्यांभोवती माऊसने रेघ ओढायची, याला तिथे कुंपण घालणं म्हणत. सकाळी चिमीने अडतीसच्या जोरावर कुंपण घातलं होतं, कारण कारखाने शोधायची पहिली खूण तीच. कुंपणात काही नव्हतं.

बारा वाजता ती तिसऱ्यांदा चहाला गेली आणि चहा न पिता परत आली. काय खुपतंय ते तिला कळेना. डोळ्यांत तेल घालून बघितलं होतं. तिने मास्तरांना सांगितलं की मी जरा दादाचं पुन्हा बघते, उगीच. मास्तर म्हणाले, बघा की, साफ आलेलं पुन्हा बघायला काय जातंय.

तिने फाइल उघडली. कुंपण रिकामं. आणि तेव्हा तिच्या लक्षात आलं की ते फारच रिकामं होतं. रोगट कारखाने नाहीत हे ठीक. पण धडधाकट माणसाच्या मगजातसुद्धा कारखाने असतात, थोडे का होईना, शंभर, दोनशे, तीनशे. आजारी असो वा निरोगी, अठरा वर्षांत तिने कुणाचं कुंपण इतकं ओसाड बघितलं नव्हतं. सकाळी तिने 'एकही नाही' म्हणून आनंद केला होता. तेच 'एकही नाही' आता तिच्या अंगावर आलं.

आधी तिने बाटलीवर संशय घेतला. अडतीसची अँटिबॉडी नासली असेल, थंडाव्याबाहेर राहिली असेल. त्यांच्याकडे रोज सकाळी कुणीतरी एकजण स्वतःचं थोडं रक्त देतो, यंत्र आणि रंग ठीक आहेत ना हे बघायला. त्या दिवशी पाळी मास्तरांची होती. मास्तरांच्या रक्तात अडतीस लख्ख चमकत होता. बाटली चांगली होती.

मग तिने दादाच्या नमुन्यातल्या बाकीच्या पेशी बघितल्या. कोवळ्या बी पेशींवर अडतीस भरपूर असतो, ते विद्यार्थ्यालाही माहीत असतं. दादाच्या कोवळ्या बी पेशी होत्या, जागच्या जागी होत्या, आणि त्यांच्यावर अडतीस जवळपास नव्हता. छप्पन्नवाल्यांवरही तो एरवी असतो, त्यांच्यावरही नव्हता. कुणाच्याच अंगावर नव्हता. सबंध नमुन्यातून एकच नंबर कुणीतरी पुसून टाकावा तसं ते दिसत होतं.

चिमीने फॉर्म ओढून घेतला. 'सध्याची औषधं' या रकान्यात वॉर्डातल्या कुणीतरी काहीच लिहिलं नव्हतं. अशा वेळी चिमी वॉर्डाला फोन करते. परक्या माणसाचा नमुना असता तर केला असता, दोनदा केला असता, आणि समोरच्याला दोन शब्द सुनावलेही असते. पण नमुना दादाचा होता. दादाचं काय चाललंय ते मला ठाऊक नाही तर कुणाला, असं म्हणून तिने रकान्यात स्वतःच्या हाताने 'नेहमीची' असं लिहून टाकलं होतं. ते तिचंच अक्षर तिच्यासमोर होतं.

आणि ठाऊक तरी काय होतं? पहिल्या तीन वेळा सलाइन लावताना ती दादाशेजारी बसली होती. तेव्हाची औषधं तिला पाठ होती. चौथ्या वेळेपासून ती गेली नव्हती. मुलीची परीक्षा होती हे खरं, पण ती दोन आठवड्यांत संपली होती. चिमी गेली नाही कारण तिला दादाचे वाळलेले हात बघवत नव्हते. एकदा वहिनी फोनवर म्हणालीही होती की आता आणखी एक नवीन औषध सुरू केलंय, आणि चिमीने म्हटलं होतं, हो का, चांगलं आहे. कुठलं, हे विचारलं नव्हतं. कुंपणांची एवढी पक्की बाई, स्वतःच्या भावाच्या औषधाचं नाव विचारायला धजावली नाही.

तिने जिन्यात जाऊन वहिनीला फोन लावला. वहिनीने उचलला तोच हसत. वन्सं, तुमच्या तोंडात साखर पडो, हे वाक्य तिने तीन वेळा म्हटलं. मग सगळं एका दमात सांगितलं. हे अकराला घराबाहेर पडले, म्हणाले खोली मोकळी करून येतो, दुसऱ्या कुणाला तरी मिळेल. तिथे सही करून आले, आणि वाटेत कामावरच्या जोडीदाराचा फोन आला, सहा मजली इमारतीची लिफ्ट बंद पडलीय, तर तसेच तिकडे गेले. मी नको म्हटलं, पण सात महिन्यांनी त्यांनी हत्यारांची पिशवी खांद्याला लावली, मी काय बोलणार.

"वहिनी," चिमी म्हणाली, "नवीन औषध कुठलं आहे, फाइलीवर बघून सांगता?"

"कशाला हवंय?"

"फॉर्मवर लिहायचं राहिलंय."

वहिनीने फाइल आणली, एकेक अक्षर जुळवत ते लांबलचक नाव वाचलं, आणि शेवटचं सलाइन नऊ दिवसांपूर्वी झालं हेही सांगितलं. चिमी पायरीवर बसली. ते औषध म्हणजे अँटिबॉडीच होती, अडतीसवर जाऊन बसण्यासाठीच बनवलेली. बसायचं आणि मारेकऱ्यांना हाक मारायची, हे त्या औषधाचं काम. दादाच्या शरीरात जिथे जिथे अडतीस होता तिथे ते आधीच बसलं होतं. मग चिमीने रंग लावून घातलेल्या अँटिबॉडीला जागा कुठून मिळणार? अडतीस पुसला गेला नव्हता, झाकला गेला होता. ज्या पेशींनी औषधाला दाद दिली त्या मेल्या होत्या. ज्यांनी दिली नाही त्या त्याच पांघरुणाखाली बसून होत्या.

ती आत आली. मास्तरांनी तिचा चेहरा बघितला आणि थट्टा गिळली. तिने पहिलं कुंपण पुसलं आणि अडतीसला बाजूला ठेवून एकशे अडतीसवर दुसरं घातलं. त्याच्यावर औषध बसत नाही. पडद्यावर ठिपके आले. एकोणीस नाही. छप्पन्न आहे. तिने मोजणी बघितली आणि मास्तरांनाही बघायला लावली, कारण स्वतःच्या डोळ्यांवर तिचा विश्वास उरला नव्हता. दहा लाखांत चारशे बारा.

"बाई," मास्तर हळू म्हणाले, "निकाल अजून आतच आहे ना?"

चिमीने नकारार्थी मान हलवली. मास्तरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. ओरडले असते तर बरं वाटलं असतं.

तिने मॅडमना फोन केला आणि काही न लपवता सगळं सांगितलं, रकान्यापासून जिन्यातल्या फोनपर्यंत. खरं म्हणजे सांगताना मनात एक पळवाट तयार होत होती. मॅडम चारला येतील, दुरुस्त निकालावर सही करतील, तो दादाच्या डॉक्टरांकडे जाईल, आणि डॉक्टर सोमवारी दादाला सांगतील. तोपर्यंत आपण मूग गिळून बसायचं. सांगणारे ते, ऐकणारा दादा, चिमी कुठेच नाही. मॅडमनी सगळं ऐकून घेतलं. नियम मोडल्याचं काय ते सोमवारी बघू, त्या म्हणाल्या, आणि ते सौम्यपणे म्हणाल्या नाहीत. मग म्हणाल्या, आधी खोलीचं बघ आणि भावाला गाठ.

दादाचा फोन लागत नव्हता. लिफ्टच्या पोकळीत तो कधीच लागत नसे. चिमीने प्रयोगशाळेचा पांढरा कोट तसाच अंगावर ठेवला आणि दोन इमारती ओलांडून दाखल करून घेण्याच्या खिडकीपाशी गेली. धावत नव्हती, पण लोक बाजूला होत होते. खिडकीवरच्या बाईंना ती ओळखत होती. बाईंनी वही उलटी करून दाखवली. साडेअकराला दादाची सही, स्वखुशीने खोली सोडत असल्याची. पावणेबाराला यादीतल्या पुढच्या पेशंटला फोन. आता पुढची खोली कधी, असं चिमीने विचारलं. बाई म्हणाल्या, तीन आठवडे, चारही लागतील, नाव लावून टाकते.

"हे मागे घेता येणार नाही का?" चिमी म्हणाली. "मी इथलीच आहे हो."

बाईंनी नुसती नजर बाकाकडे नेली. बाकावर एक मुलगी बसली होती, वीस-बावीसची, डोक्याला रुमाल बांधलेला, पायाशी बॅग. तिची आई बॅगेची चेन उघडून काहीतरी शोधत होती, लावत होती, पुन्हा उघडत होती. फोन आल्यावर तासाभरात त्या येऊन पोचल्या होत्या. दोघी कोट घातलेल्या चिमीकडे आशेने बघत होत्या, आत घ्यायला आली असेल म्हणून. चिमी तिथून निघाली.

वहिनीने सांगितलेली लिफ्टची इमारत वीस मिनिटांवर होती. वाटेत ती काय बोलायचं ते जुळवत राहिली. यंत्राची मर्यादा असते, असं सुरू करावं. नको. फॉर्म कोरा आला होता, असं करावं. तेही खरं होतं, पण तसं म्हणताना तिला स्वतःचीच लाज वाटली असती. सिग्नलला थांबली तेव्हा तिच्या लक्षात आलं की आपण ओठ हलवत बोलतोय आणि शेजारचा सायकलवाला बघतोय.

खालच्या दाराशी पाटी लावली होती, लिफ्ट बंद आहे. ती जिना चढत गेली. पाचव्या मजल्यावर तिला शीळ ऐकू आली. दादा काम मनासारखं चाललं की शीळ वाजवायचा, तीही एकच, सूर नसलेली, आणि लहानपणी त्या शिळेवरून त्याला घरात बोलणी बसायची. सहाव्या मजल्यावर लिफ्टचं दार उघडं होतं आणि दादा दाराच्या खोबणीत हात घालून उकिडवा बसला होता. हात कोपरापर्यंत काळे. त्या हातांमध्ये सात महिन्यांत पहिल्यांदा काहीतरी होतं. जोडीदार वर मोटरीच्या खोलीत होता.

"तू इथे?" दादा हसला. मग त्याने तिचा कोट बघितला, मग चेहरा. हसू जायला थोडा वेळ लागला.

जुळवलेलं सगळं वाटेतच राहिलं. "दादा, मी चुकले," ती म्हणाली. "पेशी आहेत. मला दिसल्या नाहीत. तुझ्या नव्या औषधाने त्यांची खूण झाकलेली होती, आणि औषध कुठलं चालू आहे हे मी विचारलंच नव्हतं."

दादा उठला. फडक्याने हात पुसायला लागला, एकेक बोट, सावकाश. ते संपल्यावर पुन्हा पहिल्यापासून पुसायला लागला. वरून जोडीदाराने काहीतरी विचारलं, त्याला तो 'थांब' म्हणाला.

"किती आहेत?"

"दहा लाखांत चारशे बारा."

"हे जास्त की कमी?"

"कमी. पण आहेत."

"मग सोमवारी जायचं."

"ती खोली दुसऱ्या मुलीला दिली. ती येऊन बसलीय. तुझं नाव पुन्हा लावलंय. तीन आठवडे लागतील, नाहीतर चार."

तेव्हा मात्र दादा चिडला. आवाज चढवला नाही, कारण इमारत लोकांची होती, पण चिमीने त्याला इतकं चिडलेलं कधी पाहिलं नव्हतं. तो म्हणाला, तू मला फोन का केलास. चारपर्यंत तुला दम धरवला नाही? तुझ्या मॅडमनी चारला बघितलं असतं, मी आज घरात बसलो असतो आणि खोली माझी असती. मला त्या खोलीची भीती वाटते हे तुला ठाऊक होतं, मी पळायला टपलोच होतो, आणि तूच दार उघडून दिलंस. चिमी हो म्हणाली. प्रत्येक वाक्याला ती हो म्हणाली, कारण त्यातलं एकही खोटं नव्हतं. तिला रडू येत होतं, पण रडलं असतं तर दादाने तिची समजूत घातली असती, आणि तेवढं तरी तिला त्याच्याकडून घ्यायचं नव्हतं.

मग तो थांबला. लिफ्टच्या उघड्या दारातून खाली बघत राहिला.

"चार आठवड्यांत त्या वाढतील?"

सात महिने तो तिला असेच प्रश्न विचारत आला होता. केस परत येतील का, पाठ पुन्हा मोडेल का, हे कायमचं जाईल का. आणि प्रत्येक वेळी ती म्हणत आली होती, काही होत नाही रे दादा. आताही तेच तोंडावर आलं होतं.

"वाढू शकतात," ती म्हणाली. "औषध चालू ठेवतील, पण वाढू शकतात. मी खात्री देऊ शकत नाही."

दादाने मान हलवली. बराच वेळ तिच्याकडे बघितलं, पूर्वी कधी न भेटलेल्या माणसाकडे बघतात तसं. मग तो पुन्हा उकिडवा बसला आणि खोबणीत हात घातला. म्हणाला, अर्धा तास राहिलाय, एवढं संपवून जातो, चौथ्या मजल्यावरच्या आजी सकाळपासून खाली उतरल्या नाहीत.

चिमी वाट बघत उभी राहिली. त्याने वर बघितलं नाही.

"घरी मी सांगेन," तो म्हणाला. "तू फोन करू नकोस."

ती जिना उतरायला लागली. वर हातोडीचे दोन ठोके पडले, मग काही नाही, मग पुन्हा एक. शीळ नव्हती. तिसऱ्या मजल्यावर कोटाच्या खिशात फोन वाजायला लागला. वहिनीचा होता. चिमी फोन हातात धरून पायरीवर उभी राहिली, आणि तो आपोआप बंद होईपर्यंत तिने तो वाजू दिला.